बॉम्बरच्या शेपटीतला माणूस

लग्न जमवताना माणूस काय काय खपवतो. कोणी गावी नसलेली आमराई सांगतो, कोणी भावाची नोकरी आपली म्हणून सांगतो. घाटकोपरच्या भटवाडीत राहणाऱ्या गुणाजी तावडेने विमान सांगितलं होतं. तेही लोक बसून जातात तसलं नव्हे. लढाईतलं, बॉम्ब टाकणारं, चार पंख्यांचं विमान, आणि त्याच्या शेपटीतल्या काचेच्या घुमटात मशीनगन धरून बसलेला तो स्वतः.

त्याचं झालं असं होतं. गुणाजी तेव्हा गिरणीत होता आणि अंगाने इतका बारीक होता की बनियनसुद्धा त्याला ढगळ व्हायचं. एका सुट्टीच्या दिवशी तो खात्यातल्या जोडीदाराबरोबर मढला लढाईच्या एका सिनेमाच्या शूटिंगला गेला, गर्दीत उभं राहायला. वायुदलाने मोडीत काढलेलं एक बॉम्बर कंपनीने विकत घेऊन किनाऱ्यालगत उभं केलं होतं. शेपटीतल्या घुमटात मावेल असा माणूस हवा होता. गुणाजीच्या डोक्याला चामड्याची टोपी, डोळ्यांना गॉगल आणि गळ्याला मफलर बांधून त्याला आत बसवलं. त्याने गन डावीउजवीकडे फिरवली, मग गोळी लागल्यासारखी मान टाकली. झालं काम. त्यानंतर त्या दिवशी आणखी जे काही झालं ते त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि विचारायचं कोणाला सुचलंही नाही.

लगेचच तो प्रेमाला बघायला गेला. प्रेमासाठी गोदीत कायम नोकरी असलेल्या एका मुलाचंही स्थळ आलेलं होतं. गुणाजीने पोहे खाता खाता बॉम्बर सांगितलं आणि प्रेमाने त्यालाच हो म्हटलं. त्या दिवसापासून आपला अख्खा संसार त्या बॉम्बरवर उभा आहे अशी त्याची पक्की समजूत झाली. प्रेमानेही कधी ती मोडली नाही. हळदीकुंकवाला, बारशाला, माहेरच्या गणपतीत, जिथे चार बायका जमतील तिथे ती म्हणायची, "आमचे हे सिनेमात होते. इमानात." मालवणीत विमानाला इमानच म्हणतात. संप झाला, गिरणी गेली, गुणाजी मुलुंडच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागला, पोट सुटलं, पण बॉम्बर जागच्या जागी राहिलं.

आणि मग सत्याऐंशी साली, एका रविवारी संध्याकाळी, दूरदर्शनने नेमका तोच सिनेमा लावला.

अख्खी चाळ गुणाजीच्या खोलीत जमली. पुढच्या रांगेत त्याचा मेव्हणा दत्ताराम. प्रेमाचा हा धाकटा भाऊ स्टेशनजवळ व्हिडिओ लायब्ररी चालवायचा, त्यामुळे सिनेमातलं सगळं फक्त आपल्यालाच कळतं असा त्याचा समज होता. प्रेमाने सगळ्यांना चहा दिला. शेवटी एकदाची लढाई लागली. धूर झाला, सायरन वाजला, बॉम्बर दिसलं, बॉम्बरची शेपटी दिसली, शेपटीत टोपी, गॉगल आणि मफलर दिसला. मफलरने मान टाकली. दृश्य संपलं.

"झालं?" शेजारच्या शेवंतीने विचारलं. "तोंड कुठे होतं?"

"तोंड टोपीत होतं," गुणाजी म्हणाला.

"भावजी," दत्ताराम म्हणाला, "ती तर मला बाई वाटली. आणि ते विमान पण पुठ्ठ्याचं आहे यार. आपल्याकडे खरं बॉम्बर कोण देतो शूटिंगला? काय पण फेकता!"

खोली अशी हसली की समोरच्या चाळीतले लोक गॅलरीत आले. गुणाजी हसला नाही. तो प्रेमाकडे बघत होता. प्रेमा रिकामे कप गोळा करत होती आणि तिने मान वर केली नाही.

त्या रविवारपासून प्रेमाने बॉम्बरचं नाव टाकलं. गुणाजीशी ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती चांगली वागायला लागली, आणि ते फार वाईट. भाजीत मीठ आहे का विचारायची, जास्त झालं म्हटलं तर गप्प राहायची. माहेरच्या सत्यनारायणाला कोणीतरी मुद्दाम "काय गो, तुझ्या घोवाचा इमान खय गेला?" असं विचारलं, तर तिने शिऱ्यात साखर कमी पडल्याचा विषय काढला. गुणाजीला ते ऐकून रडू यायचं बाकी राहिलं. आपण हिला फसवलं असं हिला वाटतंय, गोदीतला नवरा आपल्यापायी हिने सोडला, आता हे बॉम्बर हुडकून काढल्याशिवाय हिला तोंड दाखवायचं नाही, असं त्याने ठरवलं. तोंड रोज दाखवावं लागायचं ही गोष्ट वेगळी.

पण विमान हुडकायचं कसं? गुणाजीला एक खूण आठवत होती. घुमटाच्या खाली डाव्या अंगाला पत्र्याचं एक ठिगळ मारलेलं होतं, हुबेहूब गुजरातच्या नकाशासारखं. तो कामावरून सुटला की दत्तारामच्या लायब्ररीत जाऊन बसायला लागला आणि जुन्या सिनेमांच्या कॅसेटी लावून विमान दिसलं की थांबवायला लागला. दत्ताराम आधी वैतागला. "भावजी, हेड खराब होतं व्हिडिओचं!" पण एके दिवशी एका प्रेमकथेत नायिका परदेशाहून येते, ते विमान थांबवलं आणि जिना लावलेल्या दारामागे शेपटीजवळ गुजरात दिसला. दत्तारामने स्वतः काच पुसून बघितलं.

मग दोघांनाही नादच लागला. गिऱ्हाइकं बाहेर उभी आणि हे दोघे आत पडद्याला नाक लावून. ते बॉम्बर सगळीकडे होतं. एका सिनेमात ते शत्रूचं होतं आणि दुसऱ्यात आपलं. एकात तर दोन्ही बाजूंचं तेच होतं, ते स्वतःवरच बॉम्ब टाकून स्वतःच पळून जात होतं. एका तस्करांच्या सिनेमात त्यातून सोन्याच्या पेट्या उतरत होत्या. आणि एका पौराणिक चित्रपटात त्याला सोनेरी कागद डकवून, झालर लावून त्याचं पुष्पक विमान केलं होतं. रावण सीतेला घेऊन पायऱ्या चढत होता आणि त्याच्या टाचेपाशी सोनेरी कागदाखालून गुजरात डोकं वर काढत होता.

"ह्यातून रावण पण गेला आणि तुम्ही पण गेलात," दत्ताराम म्हणाला. "पण तुम्ही गेलात ह्याला पुरावा काय? विमान खरं आहे, हे मानलं. मफलरमध्ये कोण होतं?"

म्हणजे पुन्हा तिथेच. प्रत्यक्ष विमान गाठायचं, तिथे कोणी जुनं माणूस भेटलं तर विचारायचं, आणि दत्तारामला साक्षीला न्यायचं, कारण प्रेमा नवऱ्यापेक्षा भावावर लवकर विश्वास ठेवेल, असा गुणाजीने हिशेब केला. अंधेरीला रतनशेठ म्हणून एकजण शूटिंगला सिंहासनं, तलवारी, खोटे टेलिफोन भाड्याने द्यायचा. पुष्पक विमानाची झालर त्याचीच. गुणाजीने जाऊन विचारलं, तर त्याने ते ओळखलं. "अरे, ते तर सगळ्या स्टुडिओंत फिरलं," तो म्हणाला. "शेवटी एका टीव्ही सीरियलमध्ये वेड्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा झालं होतं. मग तुकडे केले. शेपूट मढच्या तुळशीदास कोळ्याने मागून नेलं. पहिल्या शूटिंगला रखवालीला तोच होता ना."

पुढच्या सुट्टीला दोघे वर्सोव्याहून होडीने मढला उतरले. वाटेत गुणाजीने विचार केला, की कोळीवाड्यात शुद्ध बोलून चालणार नाही, लोक बिचकतील. आपल्या माणसासारखं बोलावं. तुळशीदासचं घर सापडलं. तुळशीदास बोट घेऊन समुद्रावर गेला होता. दारात त्याची बायको सरूबाई बोंबील वाळत घालत होती, आणि तिचा जावई चंदर जाळं दुरुस्त करत बसला होता. गुणाजीने हात जोडले आणि गोड आवाजात विचारलं,

"काय गो आये, तुमच्या घरात इमान हाय काय?"

आता त्या बिचाऱ्याला काय माहीत, की आदल्याच दिवशी बाजारात एका दुसऱ्या कोळणीने सरूबाईवर शिळी मासळी ताजी म्हणून विकल्याचा आळ घेतला होता आणि त्यावरून सबंध कोळीवाडा दोन गटांत विभागला होता. सरूबाईने बोंबील खाली ठेवले.

"माजे घरान इमान हाय का?" ती म्हणाली. "कोनी पाठवलं रं तुला? तिनी का?"

"नाय, म्हणजे..." गुणाजी गोंधळला, "तुळशीदासनी ठेवलंय की विकलं, एवढंच विचारायचं होतं."

"इमान इकलं? माजे घोवानी इमान इकलं?"

एवढं बोलून तिने कोपऱ्यातला खराटा उचलला. दत्ताराम मागच्या मागे गटारापलीकडे उडाला. गुणाजी पोटामुळे उडू शकला नाही. खराट्याचे दोन बसल्यावर तो ओरडला, "अहो, उडणारं! सिनेमातलं! पंख्यांचं!" आणि त्याने दोन्ही हात पसरून, तोंडाने घूं घूं करत अंगणात एक फेरी मारली.

सरूबाईचा खराटा हवेतच थांबला.

"म्हणजे ते इमान व्हय!" ती म्हणाली, आणि अशी हसायला लागली की तिला ओट्यावर बसावं लागलं. चंदर तर जाळ्यातच लोळला. मग तिने दोघांना पाणी दिलं, गुणाजीच्या पाठीला हात लावून बघितला आणि घराच्या मागच्या अंगाला घेऊन गेली.

तिथे माडाच्या बुंध्याशी ते होतं. बॉम्बरचं शेपूट, विटांवर टेकवलेलं. रंग गेलेला, पण खाली डाव्या अंगाला गुजरात शाबूत. आणि तो काचेचा घुमट, ज्यात एके काळी गुणाजी मशीनगन धरून बसला होता, त्यात आता कोंबड्या बसल्या होत्या. गन होती त्या भोकातून एक कोंबडा मान बाहेर काढून बघत होता. सरूबाईने त्याचं खुराडं केलं होतं. "मुंगूस शिरत नाय," ती म्हणाली. "लई मजबूत माल."

गुणाजीचा ऊर भरून आला. दत्तारामनेही पत्र्यावर टिचकी मारून पाहिली आणि मान डोलावली. मग सरूबाई आपणहून म्हणाली,

"ह्यान एक मानूस अडकला होता."

गुणाजी घाईने पुन्हा गुजरात बघायला लागला.

"शूटिंगचे टायमाला. बारीकसा. त्याला आत घातला, दार लावला, ते दारच बसला घट्ट. कंपनीवाले बोलले आधी जेवून घेऊ, मग काढू. गेले सगले. आनि तो आत बोंबलतंय! दुपारभर रडत होता लेकाचा. मीच त्या गनचे भोकातून भाकर नि सुकट दिली त्याला."

दत्ताराम हळूच वळला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला होता जणू नव्या सिनेमाची पहिली कॅसेट त्यालाच मिळाली. "भावजी... ते तुम्ही?"

"छे! तो दुसरा कोणीतरी असेल."

"दुसरा कुठला?" सरूबाई म्हणाली. "ह्या घुमटान एकच मानूस बसला होता. जो बसला तोच रडला."

आता आली का पंचाईत. रडलो नाही म्हणावं तर बसलोच नाही असं ठरतं, आणि बसलो म्हणावं तर रडलो. गुणाजीने कोंबड्याकडे बघितलं, कोंबड्याने गुणाजीकडे. घरी प्रेमाच्या भाजीत मीठ जास्त होतं आणि ती गप्प होती.

"मीच तो."

"तू?" सरूबाईने त्याला खालून वर न्याहाळलं. "ज्जा! तो कसा बोंबलासारखा होता. तू तर पापलेट."

इतकं सोसून कबूल केलं आणि वर ही बाई ऐकेना. गुणाजीला मनापासून राग आला. "मीच तो!" तो ओरडला, चपला काढल्या आणि दार कधीच निखळलेल्या मागच्या भोकातून आत शिरायला लागला. दत्ताराम नको नको म्हणत होता, कोंबड्या किंचाळत गनच्या भोकातून बाहेर उड्या मारत होत्या. डोकं गेलं, खांदे गेले, पोट जरा थांबलं, मग श्वास सोडल्यावर तेही गेलं. गुणाजी घुमटात उकिडवा बसला, त्याने न दिसणारी गन डावीउजवीकडे फिरवली आणि मान टाकली. तंतोतंत तसंच. मग त्याने बाहेर यायला बघितलं.

पोट येईना. उलट्या दिशेने ते भोकात मावतच नव्हतं. गुणाजीने श्वास सोडला, घेतला, पुन्हा सोडला, गुडघा वळवला आणि गुडघाही अडकला. त्याला घाम फुटला. सगळी लाज सोडून तो ओरडला,

"अगे आये गे! माका भायर काढा गे! मी मरतंय गे!"

सरूबाईने कपाळावर हात मारला. "तोच! अरे, तोच हा! हाच आवाज! चंदर, धाव, त्याला भाकर आन!"

चंदर म्हणाला पत्रा कापू. सरूबाई म्हणाली, पत्रा कापलास तर कोंबड्या तुझ्या घरी ठेवशील का? तुळशीदास भरतीला येईल, मग काय ते बघू. दत्ताराम फोन शोधायला गेला. त्याने लायब्ररीत फोन करून निरोप दिला, "ताईला सांग, भावजी मढला विमानात अडकलेत, ये." लायब्ररीतल्या माणसाने चाळीत जाऊन एवढंच सांगितलं, की गुणाजी विमानात अडकलाय. तो विमान पळवापळवीचा काळ होता. शेवंतीने हंबरडा फोडला, कोणीतरी बातम्या लावल्या. प्रेमा मात्र शांत होती. "एस्टीत ह्यांका मळमळता," ती म्हणाली, "ह्यांका विमानात कोण घेतला? खय म्हणालो दत्ताराम?" मढ असं उत्तर मिळाल्यावर तिने खोबरेल तेलाची बाटली पिशवीत टाकली.

ती पोचली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. घुमटाभोवती निम्मा कोळीवाडा जमला होता, कालचे दोन्ही गट शेजारी शेजारी उभे राहून हसत होते, आणि दत्ताराम त्यांना सगळी हकिगत पहिल्यापासून परत सांगत होता. प्रेमाला बघून तो म्हणाला, "ताई, खरं आहे गं सगळं. विमान पण खरं, भावजी पण खरे. फक्त रडले होते, ते सांगायचं राहिलं."

प्रेमा पुढे गेली. काचेवर कोंबड्यांनी घालायची ती घाण घातलेली होती. तिने पदराने एक जागा पुसली आणि आत बघितलं. टोपी नाही, गॉगल नाही, मफलर नाही. आत गुणाजीचं घामेजलेलं तोंड होतं, एका गालाला पीस चिकटलेलं.

"म्हणजे ह्या खरा होता?" तिने विचारलं.

"खरा म्हणजे? तुका काय वाटला, मी तुका फसवलंय?"

"माका पयल्या दिवसापास्ना ही थापच वाटली."

गुणाजीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने गनच्या भोकाला कान लावला. "पयल्या दिवसापास्ना?"

"मगे! गिरणीतलो माणूस बॉम्बरात खय जातलो?"

"मगे सगळ्यांका सांगत कित्या फिरलंस? तुझ्या म्हायारात, हळदीकुंकवाक... इतकी वर्सां?"

"घोवाची थाप ती," प्रेमा म्हणाली. "मी नाय सांभाळूची तर कोणी सांभाळूची? आणि त्या रविवारी सगळे हसले तेव्हा माका काय बोलूचा ताच सुचला नाय. तुमी पकडले गेलास म्हणान जीव तुटलो माझो. आणि आता म्हणतास खरा होता! म्हणजे मी उगाचच इतकी वर्सां खोटा बोललंय समजान पाप लावन घेतलंय."

आपल्यावर विश्वास बसावा म्हणून गुणाजीने कॅसेटी धुंडाळल्या, खराटा खाल्ला, तो कोंबड्यांच्या घरात शिरला. आणि हिचा विश्वास कधी नव्हताच. नसताना ती उभी राहिली होती, प्रत्येक हळदीकुंकवाला, मान ताठ ठेवून.

"मगे माका हो कित्या म्हटलंस?" त्याने बारीक आवाजात विचारलं. "गोदीतलो होतो की."

"त्याणा आपलो पगार सांगितल्यान आणि गप बसलो. तुमी हात पसरून इमान उडवन दाखवलास आणि माझ्या बापाशीच्या मांडयेर पोह्यांची बशी उपडी केलास." प्रेमाने पिशवीतून तेलाची बाटली काढली. "माका हसू आवराक नाय. अजून आठवला की येता."

काच धूसर झाली. प्रेमाने ती पदराने पुन्हा पुसली, पण वाफ आतून धरली होती.

"रडतास काय? आता पुरे," ती म्हणाली, आणि बाटलीचं बूच उघडून गनच्या भोकातून हात आत घातला. "पोट आत घेवा. दत्ताराम, तू पायाक धर."